शिबिल्स्कीचं स्पेलिंग

आमच्या ओढ्यावरचा पूल बंद पडला, तेव्हा हत्तीवाले म्हणाले नवा बांधू आणि गाढववाले म्हणाले जुनाच दुरुस्त करू. आमच्या इलिनॉयमध्ये पक्ष दोनच, एकाचं चिन्ह हत्ती, दुसऱ्याचं गाढव. एकाचा माणूस रस्तेप्रमुख झाला की दुसऱ्याने ठोकलेल्या आखणीच्या खुंट्या उपटायचा. पुढच्या निवडणुकीत दुसरा यायचा आणि पहिल्याच्या उपटायचा. ओढ्यावर पूल नव्हता, पण काठाला खुंट्यांची भोकं मात्र भरपूर होती.

शाळेची बस खाणीला वळसा घालून यायची, म्हणून पलीकडची मुलं अंधारातच घराबाहेर पडत. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून वाचनालयात मुलांचा स्पेलिंगचा वर्ग घेते. एकदा पहिलीतली ओडेसा 'ब्रिज'चं स्पेलिंग सांगता सांगता डी आणि जीच्या मध्येच झोपून गेली. तिला न्यायला आलेली बसवाली वांडा शिबिल्स्की ते बघून म्हणाली, "बाई, आता रस्तेप्रमुखपदाला मीच उभी राहते. ना हत्ती, ना गाढव."

"मग तुझं चिन्ह काय?"

"चिन्ह कशाला? पूल हवाय."

छापील मतपत्रिकेत नावं त्या दोघांचीच. तिसऱ्याला मत द्यायचं तर खालच्या रिकाम्या ओळीवर त्याचं नाव आपल्या हाताने लिहायचं. आता शिबिल्स्की हे आडनाव पोलिश. बोलायला सोपं, पण लिहायला सुरू होतं पी-आर-झेड-वायपासून! दोन्ही पक्ष पोट धरून हसले.

मी त्या आडनावाला ताल लावला. मुलं टाळ्या वाजवत म्हणू लागली: पी-आर-झेड-वाय, बी-वाय-एल, एस-के-आय! मग ती घरोघरी मास्तर झाली. आईबापांनी स्पेलिंग बरोबर म्हटल्याशिवाय कुणी जेवायला बसेना. फक्त पक्षाच्या पुढाऱ्यांसमोर ते गाणं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अग्निशमन ठाण्यात हाताने लिहिलेली मतं तपासायला घेतली. कायद्याने दोन पक्षांचे दोन पंच: हत्तीवाल्यांचा डेल आणि गाढववाल्यांची कोरली. दोघंही माझे विद्यार्थी, एकाच बाकावरचे. वांडाच्या बाजूने बघायला मी बसले होते. शेवटी वादाच्या दोनच मतपत्रिका उरल्या. त्या धरल्या तर वांडा एका मताने जिंकणार आणि सोडल्या तर हत्तीवाल्यांचा माणूस एका मताने येणार.

एकीवर नावाची सुरुवात होती एस-एचने. दुसरीवर अक्षरं सगळी बरोबर, पण एल दोनदा.

"रद्द," डेल म्हणाला.

"रद्द," कोरली म्हणाली.

"अगं कोरली, त्याने तर हत्तीवाला निवडून येईल!"

"येऊ दे बाई. पुढच्या खेपेला आमची पाळी आहेच. ही वांडा आली तर पाळीच मोडेल."

"लाख बोललीस!" डेल म्हणाला. पुलावर, रस्त्यावर, गटारावर ज्यांचं कधी जमलं नाही, त्यांचं इथे एकमत झालं.

मी त्या मतपत्रिका पुन्हा पाहिल्या. तिसरीत असताना डेल 'नाइफ'मधला के कधी लिहायचा नाही. "जे अक्षर बोलत नाही त्याला फुकट कशाला पोसायचं?" म्हणायचा. आणि कोरली दिसेल ते अक्षर दोनदा लिहायची. एकटं अक्षर तिला बिचारं वाटायचं.

मत गुप्त असतं. मी ते कसं बोलणार? मी एवढंच म्हटलं, "डेल, उभा राहा. शिबिल्स्की. स्पेलिंग सांग."

जुनी सवय. पठ्ठ्या हात मागे बांधून उभा राहिला. "एस... एच..." आणि समोरच्या कागदाकडे बघून त्याने पुढची अक्षरं गिळली.

कोरली फिसकन हसली.

"हसू नकोस. आता तू."

"सोप्पंय. पी, आर, झेड, वाय, बी, वाय, एल, एल..." तिचं हसू तिथेच विरलं.

दोघं एकमेकांकडे वळले.

"तू?"

"तू पण?"

"तुझ्या लोकांना सांगशील?"

"वेडा आहेस? जिवंत ठेवतील का मला?"

डेलने घसा खाकरला. "मला वाटतं, मतदाराचा हेतू स्पष्ट दिसतो."

"लख्ख दिसतो," कोरली म्हणाली.

"बसा," मी म्हटलं.

पूल झाला. फीत कापायला दोन्ही पक्ष आपापली कात्री घेऊन आले आणि हे आमच्या समंजसपणाचं फळ, असं दोघांनीही भाषणात सांगितलं. ओडेसा आता 'ब्रिज' शेवटच्या ईपर्यंत जागेपणी सांगते.

पुढची निवडणूक तोंडावर आली आहे. हत्तीवाल्यांनी शेजारच्या परगण्यातून एक शिबिल्स्की शोधून आणलाय. तो दातांचा डॉक्टर आहे. गाढववाल्यांनी त्याच्याच चुलतभावाला उभं केलंय.

नुसतं आडनाव लिहून आता भागणार नाही, म्हणून कालपासून मी वर्गात नवा शब्द घेतला: वांडा.

"बाई, हे तर एकदम सोप्पंय!" मुलं ओरडली.

"तुम्हाला," मी म्हटलं. "घरी जाऊन मोठ्यांकडून घोकवून घ्या."