पौषातला पहिला चढ

मित्रांनो, पिठाच्या गिरणीमागं पोत्यांखाली जे लोखंडाचं जुनं धूड पडलेलं दिसतं, तो मी. एके काळी मी मोटारीचं इंजिन होतो. माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. जहाजानं मुंबईला आणि तिथून रेल्वेनं मी कोल्हापूरला आलो. तेव्हा शाहू छत्रपतींचं राज्य होतं. मोटारीचा आवाज आला की माणसं हातातलं काम टाकून दारात येत.

माझे मालक बाळासो गुळाचे व्यापारी. मनानं चांगले, पण भारी उतावळे. त्यांच्या आई अंबूबाई, रविवारचा उपवास कधी न चुकवणाऱ्या. मोटार हाकायला होता ख्वाजा. टांगा मोडून तो माझ्याकडे आला होता. माझं काही बिघडलं असतं तर त्याची भाकरीच गेली असती.

नव्या इंजिनाचं अंग आखडलेलं असतं. आतले भाग एकमेकांना सरावेपर्यंत त्याला दमानं चालवावं लागतं. थंडीत तर तेलही घट्ट होतं. ते अंगभर पोचेपर्यंत कळ काढावी लागते.

नवी मोटार आधी जोतिबाला न्यायची, असा अंबूबाईंचा नवस होता. पौषातल्या एका रविवारी आम्ही निघालो. धुकं इतकं, की नदीवरचा पूलही दिसेना. ख्वाजा माझ्यावर हात ठेवून उभा.

"मालक, अजून गार हाय. जरा दम धरा."

"अरं, तू काय बाळंतिणीला शेकतोयस व्हय? गुरव वाट बघत असतील. देवळाच्या दारात मोटार आणतो म्हणून सांगून बसलोय मी!"

"आज पायथ्यापर्यंतच जाऊया की. चढ झेपायचा न्हाय त्येला."

बाळासोंनी ऐकलं नाही. डोंगराच्या पायथ्याशी तर त्यांनी ख्वाजाला बाजूला सारून चाक स्वतःच्या हाती घेतलं.

काय सांगू मित्रांनो! वरून बोचरं वारं आणि आत नुसता वणवा. तेल आटलं, अंग फुगलं. मी ठोके देऊन सांगत होतो, पण बाळासो मला आणखी रेटतच होते. अखेर एका वळणावर मी जागच्या जागी जाम झालो.

बाळासो घाबरले. मोटारीतली पाण्याची घागर घेऊन धावले. ख्वाजा आडवा आला.

"गार पाणी वतू नगा! तडकंल त्यो. मग काय बी इलाज न्हाय."

"सर बाजूला! मोटार माझी हाय!"

"बाळ्या," अंबूबाई हळूच म्हणाल्या, "घागर ठेव खाली. ख्वाजाचं ऐक."

"आगं पण आई, तुझा नवस?"

"नवस मी बोललेय. पाय बी माझंच हायत."

पदर डोक्यावरून घेऊन माउली चालू लागली. बाळासो खाली मान घालून मागोमाग गेले.

ख्वाजानं मला आपोआप निवू दिलं. मग माझ्या पोटात थेंब थेंब तेल सोडलं आणि वाट बघत बसला. मायलेक कपाळी गुलाल लावून परतले, तेव्हा त्यानं मला फिरवून चालू करायचं हँडल धरलं.

"या अल्ला!"

"चांगभलं!" अंबूबाईंनी हात जोडले.

हँडल जरा हललं. पुन्हा हललं. आणि मी सुटलो! ख्वाजा तिथंच मटकन बसला अन् लहान पोरासारखा हसायला लागला. बाळासोंनी डोळे पुसले.

परत येताना ख्वाजाच हाकत होता. मागून पिराजी नावाच्या गाडीवानाची बैलगाडी घुंगरं वाजवत आमच्या पुढं गेली.

"पावणं, दोर हाय माझ्याकडं. वढू काय?"

बाळासो हसून म्हणाले, "नगं गा. आमचा नवा हाय अजून. येतोय सावकाश."

पुढं मी खूप वर्षं धावलो. कागल, गारगोटी, पन्हाळा, कुठंच अडलो नाही. थकल्यावर या गिरणीतही राबलो. आता कुणी विचारत नाही, पण तक्रार नाही माझी. मुलांनो, तुमच्या वर्गात एखादं नवं पोर बावरून कोपऱ्यात बसलं असेल, तर पहिल्याच दिवशी त्याला चढाला लावू नका. जवळ बसा, जरा ऊब द्या. बघा मग ते कुठवर जातं.