बार वर घे

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, दिव्याखाली बसून मी काचा तपासते. दिसायला स्वच्छ असलेल्या काचेवर ओरखडा कुठे आहे, ते शोधायचं. दिवसभर हेच केलं की माणसांकडेही तसंच बघायची खोड लागते. आई म्हणते, "तू देवालासुद्धा उजेडात धरून बघशील." बघेनच. त्यात काय?

त्यामुळे वजन उचलण्याच्या स्पर्धेची निवड चाचणी तोंडावर आलेली असताना दादा म्हणाला, "उद्यापासून बार वर घे," तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. एका जुन्या गोदामात त्याची व्यायामशाळा आहे. खांद्यावर वजन घेऊन बसायला-उठायला मला त्यानेच शिकवलं, आणि शिकवलं ते लो-बार. बार, म्हणजे वजनांची लोखंडी दांडी, मानेपासून खाली, पाठीवर दाबून धरायचा, पुढे झुकायचं आणि ढुंगणाच्या जोरावर उठायचं. माझी सगळी ताकद तिथेच आहे, हे तो चारचौघांत सांगतो. हाय-बारमध्ये बार मानेच्या बुडाशी असतो. ताठ बसायचं, भार मांड्यांवर घ्यायचा. दिसतं छान, पण वजन कमी उचललं जातं. माझं तर चांगलंच खाली आलं.

"पण का?" मी विचारलं.

"तुझ्या खांद्यांना बरं."

"माझे खांदे ठणठणीत आहेत."

"मग सवय म्हणून कर. दोन्ही प्रकार यायला हवेत."

खांदे की सवय? एका गोष्टीला दोन कारणं मिळाली की मी तिसरं शोधते.

ते सापडायला वेळ लागला नाही. तिला सगळे चिमणी म्हणतात. वहिनीची भाची. संध्याकाळी येते, माझ्याच वजनगटात आहे, आणि आमच्याकडून या गटात एकीलाच पाठवणार. ती पंचविशीतली, मी चाळिशी ओलांडलेली. मला ही शेवटची संधी होती. चिमणीला मात्र कोणी बार वर घ्यायला सांगितलं नव्हतं. ती खुशाल लो-बार करत होती. कुठे पाणी मुरतंय ते कळायला काच भिंगाखाली धरायची गरज नव्हती.

मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. दादाचा उजवा हात सदान्‌कदा खिशात. फळ्यावर आजचा व्यायाम तो स्वतः लिहायचा, आता वहिनी लिहायला लागली. मी आत आले की दोघांचं बोलणं तुटायचं. एकदा त्याने पाण्याची बाटली वहिनीपुढे धरली, तिने झाकण उघडून परत दिली. या वयात काय हे लाड, असं मला वाटलं. आणि मी बारखाली जाण्याआधी तो पाठीवर एक सणसणीत थाप मारायचा, तीही बंद झाली. मनात पाप असलं की थाप कुठून निघणार!

शेवटी वहिनीलाच गाठलं. "चिमणीची तयारी काय म्हणते?"

"तुझ्या दादाला विचार, बाई," ती म्हणाली आणि भांडी घासायला वळली. भांडी घासून झालेली होती.

आमच्याकडे बार पडला तर झेलणारा लोखंडी पिंजरा नाही, नुसते दोन उभे खांब. त्यामुळे उठताना अडकलं तर बार धरायला मागे माणूस लागतो. संध्याकाळी चिमणीच्या मागे तेव्हाच व्यायामाला येणारा एक बेकरीवाला उभा राहतो. सकाळी माझ्या मागे फक्त दादा. मीच सगळ्यांना बजावून ठेवलंय, सरावाला दादा मागे नसेल तर मी बारखाली जाणार नाही.

त्या सकाळी तो फोन घ्यायला बाहेर गेला तेवढ्यात मी बारवर माझं जुनं वजन चढवलं आणि बार खाली, पाठीवर घेतला.

"हे काय?" तो दारातूनच ओरडला. "उतरव ते!"

"का? तुझ्या लाडकीला भारी पडेन म्हणून?"

तो काहीतरी बोलणार होता, पण मी खांबांपासून मागे सरकलेही होते. मग तो धावत मागे येऊन उभा राहिला. मी खाली बसले. उठताना अर्ध्यात अडकले.

"घे!"

इतकी वर्षं या एका शब्दावर बार हलका व्हायचा. आज डावी बाजू हलकी झाली. उजवी होती तशीच राहिली. बार तिरका झाला. मग त्याची छाती माझ्या पाठीला टेकली, त्याने अख्खं कोपर बारखाली घातलं आणि कसेबसे धडपडत आम्ही तो खांबांवर टाकला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मुद्दाम सोडलास?"

"सोडला नाही गं." त्याचं कोपर सोलवटलं होतं. "धरलाच गेला नाही."

"धरला गेला नाही म्हणजे?" मी विचारलं.

"मानेतली नस दबलीय. वाढेल की थांबेल, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तुला सांगितलं असतं तर तू बारखाली गेलीच नसतीस. तोंडावर चाचणी आलेली. म्हटलं, वर घेतलास तर वजन कमी होईल, तेवढं मी एका हाताने सावरेन. चाचणीत मागे त्यांची माणसं असतात. तिथे तुला म्हणणार होतो, आता बार खाली घे."

मी माझी दोन बोटं त्याच्या उजव्या हातात दिली. अजूनही खात्री करून घ्यायची होती मला. अशी मी.

"दाब," मी म्हणाले.

त्याने ओठ आवळले. कपाळावरची शीर उठली.

"दाब ना, दादा."

"दाबतोय की," तो म्हणाला.

मला रडू आलं. ते त्याला दिसू नये म्हणून मी पाठ फिरवली आणि बारवरच्या प्लेट्स काढायला लागले.

"बस झालं," तो मागून म्हणाला. "एवढं मी सावरेन."

माझा विश्वास बसला नाही. मी दोन्हीकडची आणखी एकेक प्लेट काढली. मग बार वर घेतला, मानेच्या बुडाशी.

"मागे ये," मी म्हणाले.