खडूची रेघ

"पुढे शाळा!" बाबा गल्लीच्या मधोमध काठी आपटून म्हणाले. "लख्ख दिसतंय. मार रेघ."

तिने हातातली पाटी वळवून पाहिली. पाटीवर लिहिलं होतं, 'पूल बंद'.

रस्त्यांवरच्या पाट्यांसाठी नवी अक्षरं घडवायचं काम खात्याने तिच्याकडे दिलं होतं. लांबून, धावत्या गाडीतून, थकल्या डोळ्यांनाही वाचता येतील अशी अक्षरं. परीक्षक घरचाच होता. जन्मभर बस चालवलेले आणि आता नजर अधू झालेले बाबा. ती गल्लीच्या टोकाला पाटी धरून उभी राही, बाबा फाटकापासून चालत येत आणि जिथून वाचता येई तिथे थांबत. तिथे खडूची रेघ. जितक्या लांबून वाचलं तितकं अक्षर चांगलं. शेजारीपाजारी हसत. हसोत बापडे.

कालच साहेबांनी तिला सुनावलं होतं, "मॅडम, अक्षरं फार ऐसपैस झालीत. खात्याचं बोधचिन्ह कुठे बसवायचं? जरा अंग चोरायला सांगा त्यांना. नाहीतर जुनीच राहू देत." म्हणून आज तिने मुद्दाम दाबून अरुंद केलेली अक्षरं आणली होती. बाबांना ती वाचता येणार नाहीत, मग साहेबांना ठणकावून सांगता येईल, असा तिचा बेत होता. घाईत पाट्या हातातून निसटल्या आणि उचलताना त्यांचा क्रम बदलला. एरवी 'पुढे शाळा' ही पाटी नेहमी पहिली असायची.

"बाबा, तुम्ही पाठ केल्यात पाट्या?"

काठीचं टोक जमिनीवर उगाच फिरत राहिलं.

"कधीपासून?"

"डाव्या डोळ्यानं दगा दिला तेव्हापासून." मग एकदम चिडून, "तुझं काम अडलं असतं! आणि मला घरात बसवलं असतंस, ते वेगळंच."

"अहो, या रेघांच्या जिवावर मी साहेबांशी भांडतेय! उद्या कुणीतरी त्या बंद पुलावर गाडी घालेल."

हे बाबांच्या वर्मी लागलं. गाडीतल्या एकाही माणसाला कधी खरचटू न दिलेला माणूस तो. ते वाकून, धापा टाकत, चपलेने एकेक रेघ पुसत सुटले. तिला राग आला होता आणि त्याहून जास्त त्यांचं वाईट वाटत होतं.

"नवे शब्द लिही," शेवटची रेघ पुसून ते म्हणाले. "मला कळू न देता."

दुपारी तिने नव्या पाट्या केल्या. अरुंद अक्षरांसाठी बाबांना पाटीला जवळजवळ नाक लावावं लागलं. तिची स्वतःची अक्षरं, ज्यांच्यावर तिचा एवढा जीव होता, तीही अगदी जवळ आल्यावरच वाचता आली. तिने तिथेच खरी रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर उभी राहिली. "अक्षरं अरुंद होणार नाहीत. उलट आणखी मोकळी करायचीत. आधीची माझी चाचणी चुकली होती."

"चुकली? आणि वर तोंड करून सांगताय? मग पाटी पुरेल का?"

"मोठी करा. बोधचिन्ह मागच्या बाजूला लावा."

साहेबांनी फाइल बाजूला सारली. तिने ती उचलून पुन्हा त्यांच्यासमोर ठेवली. ते "बघू" म्हणेपर्यंत ती जागची हलली नाही.

संध्याकाळी ती मोकळी केलेली अक्षरं घेऊन गल्लीच्या टोकाला उभी राहिली. बाबा फाटकातून निघाले, आणि पाटीपासून बऱ्याच लांब थांबले.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"मग या ना पुढे."

"नाही येणार." त्यांनी काठी घट्ट रोवली. "आजवर मीच पुढे येत गेलो. आता अक्षरानं इथवर यायचं."

ती पाटी भिंतीला टेकवून त्यांच्यापर्यंत चालत गेली. त्यांच्या चपलांपुढे खडूने रेघ ओढली आणि नवं अक्षर काढायला घरात गेली. बाबा रेघेपाशी तसेच उभे होते.