शिंप्याने शिवलेला पट्टा

शिंपीकाकांना शिवता येणार नाही अशी वस्तू अजून जन्माला यायची होती, निदान त्यांचं तरी तसं मत होतं. छत्र्या, तंबू, डॉक्टरांची बॅग, सगळ्यांना त्यांचे टाके पडले होते. तेव्हा गाडीच्या पुढच्या सीटचा पट्टा दारात चेंगरून चेंगरून कडेने फाटला, तर ते गप्प बसणार थोडेच! गाडीतच बसून दुहेरी दोऱ्याने त्यांनी तो असा सांधला की जोड शोधून सापडू नये.

"आता काजंबटणंही करा त्याला," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी लेकीला तपासणीला न्यायचं होतं. तिला सातवा महिना लागला होता आणि ती त्याच सीटवर बसायची. दुपारी चाकांत हवा भरायला काका गॅरेजमध्ये गेले. कौतुक करून घ्यायची हौस दांडगी, म्हणून त्यांनी गॅरेजवालीला पट्टा दाखवला. तिने तो पुरता ओढला आणि सोडून दिला. परत आत जाताना पट्टा शिवणीपाशी अडकून निम्म्यावर लोंबत राहिला.

"काका, हा बदलावा लागेल. सबंध."

"माझी शिवण आजवर उसवलेली नाही!"

"उसवणारही नाही. पण गाडी जोरात आदळली, तर पट्टा शिवणीच्या शेजारी फाटेल. तिथे सुईने भोकं पाडलीत ना तुम्ही."

विरलेल्या कापडाला रफू करून मागणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला काका स्वतः हेच ऐकवत आले होते, शेजारून फाटेल म्हणून. आपल्याच गाडीत, आपल्याच लेकीसाठी, आपण हे विसरलो याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी नवा पट्टा सांगितला. तो उद्या येणार होता.

घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं खरं सांगितलं. काकूंनी टोमणा मारायला तोंड उघडलं, पण नवऱ्याचा चेहरा बघून तो गिळला. अर्धाच गिळला. "पुढची सीट रिकामीच राहू दे," त्या म्हणाल्या. "तुमच्या भरतकामाला जागा हवी ऐसपैस."

लेक मागे बसली. मागचे पट्टे काकांनी आधीच दोनदोनदा ओढून पाहिले होते. खालचा पट्टा त्यांनी तिच्या पोटाच्या खाली, मांड्यांलगत नेला. वरचा खांद्यावरून छातीच्या मधून, पोटाला वळसा घालून. खटका बसल्यावर त्यांनी पट्टा ओढून उरलेला ढिलेपणा काढला. आयुष्यभर 'जरा सैल ठेवतो, अंगाला बरं' म्हणणारा माणूस आज बोटभर सैल ठेवायला तयार नव्हता.

"बाबा, मापं घेताय की काय माझी?" लेक हसली.

"दोघांची," काका म्हणाले, आणि पट्ट्याला पीळ तर पडला नाही ना, ते पुन्हा एकदा बघू लागले.