आडव्या तबकड्या

गुरुवारी सकाळी आठ वाजता रादानाने रोपांच्या खोलीचं दार उघडलं आणि तिच्या तोंडून जी शिवी निघाली, ती तिच्या गाडीवान आजोबांनाच शोभली असती.

काल दुपारी चार वाजता तिने सहा चौकोनी तबकड्या पाव फेरा फिरवून कुशीवर ठेवल्या होत्या. आत मोहरीच्या कुळातली बारकी रोपं, तीन तबकड्यांत साधी, तीन तबकड्यांत तिची सतरा नंबरची. सरळ खाली चाललेली मुळं आडवी पडली की पुन्हा जमिनीकडे कशी वळतात, एवढंच बघायचं होतं. आणि आता त्याच सहा तबकड्या शहाण्या मुलांसारख्या सरळ उभ्या! कुणीतरी हात लावला होता. कुणीतरी कसलं, व्लास्ताबाईंनीच. मोरावियातल्या त्या छोट्या संस्थेत पहाटे पाचला फरशी पुसायला दुसरं येतं कोण?

दहा वाजता बैठक होती. विभागप्रमुख डॉक्टर ओत्मार यांनी सोमवारीच सुनावलं होतं, "तुझं सतरा नंबरचं रोप इतरांसारखंच वळतं, रादाना. तीन वर्षं झाली. गुरुवारी काही वेगळं दाखवलंस तर ठीक, नाहीतर सतराचं बी कपाटात आणि तू श्तेपानच्या बटाट्यांवर." बटाट्यांशी तिचं काही वाकडं नव्हतं. पण सतरामध्ये काहीतरी खोट आहे, हे तिला मनोमन ठाऊक होतं. फक्त ती सापडत नव्हती.

व्लास्ताबाई बोळाच्या टोकाला फरशीचं फडकं पिळत होत्या. तिला बघून त्यांनी हात हलवला, "ये ये, डॉक्टरीणबाई! आलुबुखारा भरलेले गोड पाव, कोलाच, आणलेत, अजून गरम आहेत."

"माझ्या तबकड्या तुम्ही फिरवल्यात?"

"फिरवल्या कुठे? सरळ केल्या. सगळ्या आडव्या पडल्या होत्या बिचाऱ्या."

"अहो, मुद्दाम पाडल्या होत्या मी!"

"मुद्दाम? मग चिठ्ठी लावायची की गं! तुझं नाव लिहिलेलं, तेही आडवं. म्हटलं, पोरगी तीन वर्षं राबतेय, घाईत तशीच टाकून गेली असेल. मला बाई ते बघवेना."

"तुम्ही फरशी पुसा हो नुसती! बाकी कशाला हात लावू नका!"

व्लास्ताबाईंनी फडकं बादलीत टाकलं आणि बादली उचलली. अकरा वर्षांत त्यांना तोंडावर कुणी असं बोललं नव्हतं. रादानाला लगेच लाज वाटली, पण रागही शिल्लक होता, म्हणून ती पाय आपटत परत गेली. निदान बघून तरी टाकू, म्हणून तिने पहिली तबकडी भिंगाखाली धरली. तिच्यात साधी रोपं होती.

मुळं काल संध्याकाळी वळली होती, अगदी झक्क. आणि पहाटे व्लास्ताबाईंनी सरळ केल्यावर टोकाशी पुन्हा वळून खालच्या दिशेला लागली होती. चांगली पायरी पडली होती. दुसरी, तिसरी, साध्या रोपांच्या तिन्ही तबकड्यांत तीच पायरी.

मग तिने सतराची तबकडी घेतली. पहिलं वळण होतं. दुसरं नव्हतंच! मुळं आपली सरळ आडवी, भिंतीकडे तोंड करून निघाली होती. उरलेल्या दोन्ही तबकड्यांत तेच.

आता हे समजायला फार शिकावं लागत नाही. रादानाने ते व्लास्ताबाईंनाही कधीतरी कॉफी पिताना सांगितलं होतं. ऑक्सिन नावाचा रस पेशीपेशीतून पुढे जातो, आणि तो बाहेर सोडायला पेशीला दारं असतात. मूळ आडवं झालं की पेशी आपली दारं खालच्या भिंतीला नेते. रस खालच्या अंगाला साठतो, तिथली वाढ मंदावते, वरची चालू राहते, म्हणून मूळ खाली वळतं. "म्हणजे दारं चाकांवर आहेत म्हण की," व्लास्ताबाई म्हणाल्या होत्या.

सतराची दारं एकदा सरकत होती आणि तिथेच अडकत होती. एकदाच फिरवून बघणाऱ्याला ते जन्मात कळलं नसतं. रादाना तीन वर्षं एकदाच फिरवत आली होती!

ती बोळातून धावतच गेली. "व्लास्ताबाई, किती वाजता? सरळ कधी केल्यात?"

"पुन्हा ओरडायचंय का?"

"नाही हो. चुकलं माझं, फार चुकलं. तुमच्यामुळे मी वाचले. वेळ सांगा ना!"

व्लास्ताबाईंनी तिला जरा तिष्ठत ठेवलं, तो त्यांचा हक्कच होता. "पाच वाजून दहा. रेडिओवर बातम्या संपून हवामान लागलं होतं." मग तिच्या हातात कोलाच कोंबला. "खा आधी. पांढरी पडलीयस."

बैठकीत डॉक्टर ओत्मार यांनी मुळांची छायाचित्रं एकेक करून पाहिली. "दुसऱ्यांदा फिरवायचं कुणाला सुचलं?"

"व्लास्ताबाईंना."

"कोण व्लास्ताबाई?"

"तुमची खोली अकरा वर्षं झाडतात त्या."

ओत्मार कानापर्यंत लाल झाले. सतराचं बी कपाटात गेलं नाही. "पुढच्या आठवड्यात पुन्हा करा. अगदी अस्संच," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या गुरुवारी पहाटे रादाना हजर होती. व्लास्ताबाई चर्चला जातानाचा ब्लाउज घालून आल्या होत्या, हात दोनदा धुतले होते. रादानाने घड्याळ पुढे केलं तर म्हणाल्या, "ते राहू दे, माझा रेडिओ आहे." बातम्या संपल्या. हवामान लागलं.

त्यांनी पहिली तबकडी उचलली. तिच्यावर रादानाच्या नावाखाली आणखी काहीतरी आडवं लिहिलेलं होतं. तसं आडवं ते त्यांना लागेना. त्यांनी तबकडी हळूच सरळ केली तेव्हा ते नाव वाचता आलं.

"अगं, हे तर माझं," व्लास्ताबाई म्हणाल्या, आणि ब्लाउजच्या बाहीने डोळे पुसून त्यांनी दुसरी तबकडी उचलली.