झाकण उताणं पडतं

सातवीच्या गणिताच्या बाईंनी त्या दिवशी खडू हातात घेतलाच नाही. बाकं जोडून मुलांचे पाच गट केले आणि प्रत्येक गटाला सरबताच्या बाटलीचं एक पत्र्याचं झाकण दिलं.

"उडवा, आणि पडेल तसं मांडा. उताणं की पालथं. मनाचं काही नको."

वर्गात नुसता खणखणाट. झाकणं घरंगळायची, पोरं बाकांखाली शिरायची. तास संपता संपता गंमत कळली. पाचही गटांत झाकण उताणंच जास्त पडलं होतं.

"म्हणजे बाजू दोन असल्या तरी शक्यता सारखी नसते!" एक मुलगी ओरडली. तिच्या आवाजामुळे सगळे तिला भोंगा म्हणत. बाईंना वाटलं, वर्षाचं चीज झालं.

मुलांनी रंगीत पट्ट्यांचा तक्ता केला. तो शाळेच्या प्रदर्शनासाठी सभागृहात लागला.

प्रदर्शनाच्या सकाळी बाई तिथे गेल्या, तर भोंगा तक्त्यापुढे गप्प उभी. प्रत्येक पट्टीवर नवा कागद चिकटवला होता. पाचही गटांचं उत्तर एकच: निम्मं उताणं, निम्मं पालथं.

"बाई, आमचं चुकलं होतं का?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक मुख्याध्यापिकेच्या खोलीत शिरल्या.

"तक्ता कुणी बदलला?"

"मी बदलून घेतला," मोठ्या बाई म्हणाल्या. "दोन बाजू म्हणजे निम्मं-निम्मं, शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पाहुण्यांपुढे शाळेचं नाक कापायचंय का?"

"एकदा तरी झाकण उडवून पाहिलंत?"

"मला तेवढा वेळ नाही."

"पोरांना खोटं पाडायला बरा मिळाला!"

बाई परत आल्या आणि नखांनी ते कागद ओरबाडू लागल्या. खालचा मुलांचा कागदही फाटला. तोवर भोंगाने आपला गट गोळा करून सभागृहाच्या मधोमध बैठक मारली होती.

"पुन्हा उडवतो, बाई. बघू दे त्यांना."

पाहुणे आले. झाकण खणखणत होतं, भोंगा घसा ताणून आकडे सांगत होती. मोठ्या बाई दात-ओठ खात हसत होत्या. एका पाहुण्याने मुलांना वळसा घातला, "वा, छान खेळताहेत," म्हटलं आणि सगळे चहाकडे गेले. कुणी वाकून पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी बाईंकडून सातवी काढून घेतल्याचं शिपायाने येऊन सांगितलं.

घरी थोरल्या बहिणीने सगळं ऐकलं. "अगं, झाकणाचं ते काय एवढं मनाला लावून घ्यायचं? गेलं ते गेलं. आता शांत हो बघू."

"पोरांनी खरं मांडलं आणि मोठ्यांनी त्यावर खळ लावून खोटं डकवलं, ताई! आणि शांत मी होऊ?"

बहीण पाण्याचा पेला पुढे करून उभी राहिली. बाईंनी तो घेतला नाही.