सहाव्या थांब्याचा आधार

लेकीने मला बरोबर घेतलं ते एकाच अटीवर. तोंड उघडायचं नाही.

"हाताची घडी, तोंडावर बोट," ती म्हणाली, जणू मी पहिलीत आहे. "बाबा, आज तुम्ही शेपूट आहात. शेपटीने फक्त मागून यायचं."

माझी लेक लोकांना शहराच्या जुन्या वस्त्यांतून पायी फिरवते. ती पुढे बोलत चालते आणि शेपूट मागून डोकी मोजत येतं, म्हणजे कोणी एखाद्या दुकानात रमला तर हरवत नाही. तिचं नेहमीचं शेपूट तापाने आडवं झालं होतं आणि नेमक्या त्याच सकाळी परवान्याच्या कचेरीतून तपासनीस बाई यायच्या होत्या. पुढच्या महिन्यापासून परवान्याशिवाय कोणाला गट नेता येणार नव्हता. नापास झालं तर वर्षभर पुन्हा अर्ज नाही. बँकेतली चांगली नोकरी सोडून तिने दोन वर्षं या कामासाठी पाय झिजवले होते. तिचा जीव टांगणीला लागला होता, म्हणून तर नाइलाजाने मला हाक मारली. दोन वर्षांत एकदाही तिने मला नेलं नव्हतं.

त्यालाही कारण मीच. तिने नोकरी सोडली तेव्हा मी म्हणालो होतो, "लोकांना चालवणं हे काय काम झालं?" आणि हे म्हणणारा कोण, तर एकतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचत गल्लीबोळ तुडवलेला माणूस. तिच्या आईने तेव्हाच कपाळावर हात मारून घेतला होता.

मीटर वाचणाऱ्याचं चालणं साधं नसतं, हे मी विचारणाऱ्याला सांगतो आणि न विचारणाऱ्यालाही सांगतो. गल्लीत शिरताना डावी बाजू, बाहेर पडताना उजवी. लोखंडी झाकण उचलायचं, काचेवरचा चिखल अंगठ्याने पुसायचा, आकडा दोनदा वाचायचा, मग लिहायचा, आणि झाकण पायाने दाबून बसवायचं. आमच्यातले काही महाभाग सावलीत बसून मागच्या आकड्यात थोडी भर घालायचे आणि नवा आकडा म्हणून ठोकून द्यायचे. त्याला आम्ही 'अंदाजे' म्हणायचो. मी एकतीस वर्षांत एकही अंदाजे आकडा लिहिला नाही. कुत्रा चावला त्या दिवशीसुद्धा नाही.

गटात अकरा जण होते, तपासनीस बाई बाराव्या. अकरांतले दोघे लक्षात राहिले. एक दंतवैद्य, गुडघ्याला पट्टा बांधलेले. आणि एक शिक्षिका, प्रत्येक गोष्टीला "का" विचारणारी. मी मनातल्या मनात तिचं नाव काबाई ठेवलं. तपासनीस बाईंच्या छातीशी एक जाड फाइल होती. माझ्या लेकीने आधीच भरून दिलेली. डाव्या बाजूला प्रत्येक थांब्यावर ती काय सांगणार ते, उजव्या बाजूला 'आधार' असा रकाना. जुनी नोंदवही, खरेदीखत, फोटो, जे काय असेल ते तिथे लिहायचं. एकही गोष्ट बिनआधाराची निघाली की परवाना गेला.

पहिल्या थांब्यालाच मी वरमलो. चावीवाल्यांची गल्ली. त्या गल्लीत मी किती वेळा गेलो असेन त्याची गणती नाही, पण कानसांचा आवाज मला कटकटच वाटत आला. लेकीने गटाला गप्प उभं केलं आणि नुसतं ऐकायला लावलं. मग म्हणाली, "आता सांगा, पितळेची चावी कुठल्या दुकानात घासली जातेय आणि लोखंडाची कुठल्या?" दंतवैद्यांनी अचूक ओळखलं आणि लहान मुलासारखे खूश झाले. चावीवाला आतून म्हणाला, "भिंगरे, रोज असली गिऱ्हाइकं आणत जा." भिंगरी हे तिचं घरातलं नाव. ते या गल्लीत कधी पोचलं, मला पत्ता नव्हता.

रंगाऱ्यांच्या अंगणात तिने सगळ्यांना गटारातलं पाणी बघायला लावलं. आदल्या दिवशीचा निळा, आजचा हळदी. माझ्या जिभेवर आलं होतं की अख्ख्या वस्तीत सगळ्यात जोरात फिरणारं मीटर हेच, सुटीच्या दिवशीही थांबत नाही. मी ओठ आवळले. छापखान्यात तिने काबाईला शिशाची उलटी अक्षरं वाचायला दिली. शिंप्यांच्या रस्त्यावर दंतवैद्यांचा गुडघा कुरकुरायच्या आधीच तिने त्यांच्यासाठी एका दुकानातून स्टूल मागून घेतलं. ढकलगाडी आली की गट कुठल्या बाजूला घ्यायचा, ऊन आलं की कुठे थांबायचं, सगळं तिला न बघता कळत होतं. दाराशी बसलेली माणसं तिला नावाने हाक मारत होती आणि ती प्रत्येकाला घरातलं काही ना काही विचारत होती. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, हे लपवण्यात काय अर्थ आहे?

एक गोष्ट मात्र टोचली. ती सारखी म्हणत होती, "वर बघा." सज्जांचे कठडे, कौलांखालची कोरीव पट्टी, कोणी तरी तिसऱ्या मजल्यावर लावलेला वेल. त्या गल्ल्यांमधून मी एकतीस वर्षं खाली मान घालून चाललो होतो. मला झाकणं तेवढी पाठ. आताही एखादं सैल झाकण दिसलं की माझा पाय आपोआप त्याच्यावर जात होता.

"तुमच्या पायाला काही होतंय का?" तपासनीस बाईंनी विचारलं.

मी तोंडावर बोट ठेवलं आणि मान हलवली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्याबद्दलही फाइलमध्ये काही तरी लिहितील असं वाटलं.

सहावा थांबा शेवटचा. एक अरुंद दोन मजली घर, रस्त्याकडे एकच खिडकी, खाली दगडी पायरी. ती पायरी मी लगेच ओळखली.

लेक त्याच पायरीवर चढून उभी राहिली. "या खिडकीत," ती म्हणाली, "एक घड्याळजी बसायचा. पलीकडे गिरणी होती. भोंगा झाल्यावर जो पोचेल त्याला आत घेत नसत. म्हणून हा माणूस खिडकीत एक मोठं घड्याळ टांगून ठेवायचा, दहा मिनिटं पुढे लावलेलं. रस्त्यावरून जाणारे कामगार ते बघायचे आणि पाय उचलायचे. त्याच्या हयातीत या गल्लीतला एकही माणूस गिरणीच्या दाराबाहेर राहिला नाही."

सगळे वर खिडकीकडे बघत होते. काबाईने पहिल्यांदाच "का" विचारलं नाही. तपासनीस बाई मात्र फाइल बघत होत्या. त्यांनी पान उलटलं, पुन्हा मागे घेतलं.

"इथे आधाराचा रकाना कोरा आहे," त्या म्हणाल्या.

कोराच असणार. तो घड्याळजी कधी नव्हताच. तो मी रचला होता. शाळेला सुटी होती, बायको आजारी होती, म्हणून आठ वर्षांच्या पोरीला मी फेरीवर घेऊन आलो होतो. याच पायरीवर तिने पाय दुखतात म्हणून फतकल मारलं ते उठेना. समोर रिकामी खिडकी होती. मी दिली एक थाप ठोकून. आकड्यांत मी कधी लबाडी केली नाही, ती सगळी या एका थापेत केली, आणि आता ती थाप माझ्या लेकीला चारचौघांत तोंडघशी पाडणार होती.

मला राहवलं नाही. "बाई," मी मागून म्हणालो, "ही गोष्ट खोटी आहे. मी रचलेली आहे. तिचा यात काही दोष नाही, तिला लहानपणापासून ती खरीच वाटत आलीय. जे काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

लेकीचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ही रडणार.

"बाबा," ती म्हणाली, "माझं अजून संपलं नव्हतं."

मग ती गटाकडे वळली. "हे शेवटचं मी सांगणार होते, यांनी घाई केली. घड्याळजी नव्हता. मी या घरात जाऊन विचारलंय. वर छत्र्यांच्या काड्या ठेवायचे. ते कळलं त्या दिवशी मी यांच्यावर खूप चिडले होते. घरी जाऊन भांडणार होते. पण चालता चालता वाटलं, एक माणूस सकाळपासून दोनशे झाकणं उचलून आलाय, अजून शंभर राहिलीत, आणि पोरगी रस्त्यात बसलीय. त्याने तिला ओढलं नाही, ओरडला नाही. उभ्या उभ्या एक अख्खा माणूस तयार करून खिडकीत बसवला. ती पोरगी उठली आणि दर घरापाशी 'इथे कोण राहायचं' विचारत घरापर्यंत चालत गेली. मी अजून तेच करतेय. प्रत्येक फेरी मी इथेच संपवते."

मी चपलांकडे बघत होतो. या लेकीला मी विचारलं होतं, हे काय काम झालं.

"म्हणजे तुमचं विधान घड्याळजीबद्दल नाही," तपासनीस बाई सावकाश म्हणाल्या. "तुमच्या वडिलांनी इथे ही गोष्ट रचली, हे विधान आहे."

"हो."

"मग रकाना कोरा का?"

"काय लिहावं ते कळलं नाही. याचा कागद कुठे असणार?"

बाई माझ्याजवळ आल्या. "तुम्ही हे रचलंत, नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. "अगदी इथे उभा राहून."

त्यांनी फाइल दंतवैद्यांच्या पाठीवर टेकवली, कारण टेकवायला दुसरं काही नव्हतं, आणि लिहिलं. 'आधार: वडील. समक्ष तपासले.' मग म्हणाल्या, "एवढा एकच थांबा अडला होता. बाकीचे कागद मी कालच बघितलेत. परवाना आज लिहिते. आधार म्हणून तुम्ही इथे सही करा."

मी ती ओळ दोनदा वाचली. पेन टेकवलं तर दंतवैद्यांची पाठ हलत होती, अक्षर काही उमटेना. लेक पायरीवरून उतरली, खालून तिने माझं मनगट धरलं, आणि मी मुकाट्याने धरू दिलं.